नवख्याचा वेष

पार्टी करा, असं सांगणारा सरकारी नियम आपल्याकडे आहे, हे फार जणांना माहीत नसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये रॅगिंग रोखण्यासाठी नियमावली काढली. तिच्यात समित्या आहेत, हमीपत्रं आहेत, शिक्षा आहेत, आणि या सगळ्या गर्दीत एक कलम असंही आहे की प्रत्येक विभागात सीनियर विद्यार्थी आणि प्राध्यापक यांनी मिळून नव्यांसाठी स्वागताची पार्टी करावी, शक्यतो सत्र सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांत. नव्यांच्या अंगचे गुण सगळ्यांना दिसावेत, न्यूनगंड असलाच तर जावा, भीड चेपावी, असा हेतू. बाकीची नियमावली फौजदाराच्या आवाजात बोलते, आणि एवढं एक कलम मामाच्या.

कळंबोलीत आणि शेजारच्या कामोठ्यात या कलमाची अंमलबजावणी दरवर्षी मनापासून होते, फक्त दोन आठवड्यांची अट कोणी पाळत नाही. पाळणार कशी? प्रवेशाच्या फेऱ्याच महिनोन्‌महिने चालतात. कामोठ्याला एमजीएमचं अभिमत विद्यापीठ आहे, त्याच संस्थेचं रुग्णालय कळंबोलीत आहे, के. एल. ई. संस्थेची विज्ञान-वाणिज्य आणि विधी महाविद्यालयंही कळंबोलीत आहेत. पावसाळा सरता सरता या सगळ्या भागातल्या मुलामुलींच्या ग्रुपवर एकच विषय असतो: फ्रेशर्सची थीम काय? रेट्रो, बॉलिवूड, ब्लॅक अँड गोल्ड, मास्करेड, नाहीतर सरळ ट्रॅडिशनल. मग कॉन्ट्री गोळा होते, भाड्याच्या ड्रेसचं डिपॉझिट भरलं जातं, पनवेलच्या बाजारात फेऱ्या होतात. स्टेजवर ‘इंट्रो’ होतो, रॅम्पवर चालणं होतं, एकाला मिस्टर फ्रेशर आणि एकीला मिस फ्रेशर म्हणून पट्टा घातला जातो. नवख्याने नटून यायचं, जुन्यांनी बसून बघायचं. या मांडणीचं मूळ फार जुनं आहे, आणि ते नेहमी इतकं हसतखेळत नव्हतं.

नियमाच्या मागचा इतिहास आधी उरकतो, कारण तो ताजा आहे आणि वाईट आहे. महाराष्ट्राने रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ मध्ये केला: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, दोषी ठरलेल्याला कॉलेजातून काढायचं आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश द्यायचा नाही. या कायद्यातल्या रॅगिंगच्या व्याख्येत एक फार नेमकी गोष्ट आहे. विद्यार्थी एरवी स्वखुशीने करणार नाही, असं काहीही त्याला करायला सांगणं म्हणजे रॅगिंग. मारहाण व्हायलाच हवी असं नाही. पुढे मार्च २००९ मध्ये हिमाचलमधल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा मुलगा सीनियरांच्या मारहाणीनंतर दगावला, देश हादरला, आणि रॅगिंग रोखण्यासाठी नेमलेल्या राघवन समितीच्या शिफारशींवर आधारलेली नियमावली त्याच वर्षी लागू झाली. पार्टीचं कलम तिथून आलं. म्हणजे नियमातली फ्रेशर्स पार्टी हे रॅगिंगच्या जागी मुद्दाम लावलेलं रोपटं आहे, जमीन मात्र तीच.

तीच का म्हणतो, ते कपड्यांवरून कळतं. रॅगिंगच्या काळातल्या आठवणी कोणत्याही जुन्या डॉक्टरला किंवा इंजिनियरला विचारा. पहिला मुद्दा कपड्यांचाच निघतो. मुलांनी डोक्याला चपचपीत तेल लावून यायचं, बारीक केस कापायचे, पांढरा शर्ट, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, पायात चप्पल, नजर सीनियरच्या तिसऱ्या बटणावर. मुलींनी दोन वेण्या घालायच्या, ओढणीला दोन्हीकडे पिना. लांबून ओळखू आलं पाहिजे की हा नवा आहे. हा ‘ड्रेस कोड’ कधी महिना, कधी सहा महिने चालायचा आणि त्याचा शेवट व्हायचा तो फ्रेशर्स पार्टीला. त्या रात्री नव्यांना हवे ते कपडे घालायची परवानगी मिळायची. म्हणजे नियमाच्या कितीतरी आधी पार्टी होतीच. लादलेला वेष उतरवायचा दिवस, एवढाच तिचा अर्थ होता.

आता मागे जाऊ. चौथ्या शतकातल्या अथेन्समध्ये वक्तृत्व आणि तत्त्वज्ञान शिकायला दूरदूरहून मुलं येत. नाझियान्झसच्या ग्रेगरीने आपल्या मित्राच्या, बेसिलच्या स्मरणार्थ केलेल्या भाषणात तिथलं स्वागत वर्णन केलं आहे: नव्याला घेरून आधी टिंगल, मग दोन-दोनच्या रांगेत भर बाजारातून मिरवणूक, स्नानगृहाच्या दारापाशी आरडाओरडा, दारावर धडका. घाबरवून घाबरवून मग आत सोडायचं, आणि बाहेर आला की तो आपल्यातला. बेसिल गंभीर स्वभावाचा, म्हणून ग्रेगरीने रदबदली करून त्याला यातून सोडवलं. दोघांची मैत्री तिथून जुळली. अथेन्सबद्दल आणखी एक माहिती मिळते ती पाचव्या शतकातल्या ऑलिंपिओडोरसकडून: या स्नानानंतरच नव्या विद्यार्थ्याला तत्त्ववेत्त्याचा झगा अंगावर घालायचा हक्क मिळे. वेष मिळवायला आधी तमाशा व्हावा लागे.

इसवी सन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने कायद्याच्या शिक्षणाची घडी नव्याने बसवली, तेव्हा त्याच हुकुमात कॉन्स्टँटिनोपल आणि बैरूत इथल्या कायद्याच्या नव्या विद्यार्थ्यांवर कोणी असले खेळ करायचे नाहीत अशी ताकीद दिली. बैरूतमध्ये देखरेख कोणी करायची, तेही लिहिलं: प्रांताचा अधिकारी, बिशप आणि शिक्षक. ही अँटी-रॅगिंग समितीच झाली, आपल्या समितीच्या चौदाशे शहात्तर वर्षं आधीची. पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘दुपोंदी’, म्हणजे दोन दिडक्यांचे, असं हिणवत. सम्राटाने फर्मावलं की यापुढे त्यांना ‘नवे जस्टिनियन’ म्हणायचं. आपल्याकडच्या विधी महाविद्यालयांत रोमन कायदा आता कोणी फारसा शिकवत नाही. पण पहिल्या वर्षाच्या मुलांना एवढा एक उतारा वाचून दाखवायला हरकत नाही.

बंदी टिकली नाही, हे सांगायला नको. जर्मन विद्यापीठांत पंधराव्या शतकापर्यंत या प्रकाराला रीतसर नाटकाचं रूप आलं होतं. हायडेलबर्गच्या विद्यार्थिजीवनावर १४८० च्या सुमारास छापलेल्या एका संवादरूप पुस्तकात ते सविस्तर आहे. नव्या मुलाला शिंगं लावलेली टोपी घालायची, तोंडात रानडुकराचे सुळे द्यायचे, चेहरा रंगवायचा. तो अजून जनावर आहे, माणूस झालेला नाही, असं समजायचं. मग लाकडी करवतीने शिंगं कापायची, चिमट्याने दात उपटायचे, रंध्याने अंग तासायचं, शेवटी तोंडात मीठ आणि डोक्यावर मद्य. झाला विद्यार्थी. विद्यापीठाचे अधिकारी यात सामील असत. मार्टिन लूथरने या विधीची बाजू घेतली होती; पुढे आयुष्य याहून जास्त छळणार आहे, त्याचा हा नमुना, असं त्याचं म्हणणं. ‘आम्ही पण सहन केलं, तुम्हालाही कणखर व्हायला मदत होईल’ हे सीनियरांचं वाक्य किती जुनं आहे ते यावरून दिसतं.

वेष लादण्याऐवजी वेषाची मौज करायची, हे वळण विद्यार्थ्यांच्या जगात ठळकपणे दिसतं ते पॅरिसला. तिथल्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८९२ मध्ये ‘चार कलांचा बॉल’ सुरू केला. चित्र, शिल्प, वास्तुकला, कोरीवकाम अशा चार कला. दरवर्षी प्राचीन इतिहासातली एखादी थीम, आणि पोशाख थातुरमातुर असेल तर दारावरची समिती आत सोडत नसे. ही प्रथा १९६६ पर्यंत चालली. संग्रहालयात वेष करून जमायची कल्पना त्यामानाने नवी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पोशाखांचा विभाग १९४६ मध्ये सामील झाला; त्याच्या खर्चासाठी १९४८ मध्ये पन्नास डॉलर तिकिटाचं मध्यरात्रीचं जेवण ठेवलं गेलं, तेही सुरुवातीला संग्रहालयाबाहेर. आज ज्याचे फोटो आपल्या मोबाइलवर मे महिन्यात येऊन आदळतात तो मेट गाला हाच. परदेशातल्या काही विद्यापीठांची संग्रहालयं आता सत्राच्या सुरुवातीला नव्या मुलांसाठी संध्याकाळ राखून ठेवतात, वेष करून या म्हणतात. मुलांना संग्रहालयाची भीती वाटू नये, हा त्यामागचा हिशेब.

आपल्याकडे मात्र विद्यापीठ, संग्रहालय आणि वेष यांची गाठ पॅरिसच्या आधीच पडली होती. फक्त त्यात पार्टी नव्हती.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. पहिले चार पदवीधर १८६२ मध्ये बाहेर पडले: रानडे, भांडारकर, वागळे, मोडक. त्याच सुमारास विल्यम जॉन्सन नावाचा छायाचित्रकार मुंबईतल्या जातीजमातींचे फोटो काढत होता. १८६३ आणि १८६६ मध्ये त्याचे दोन खंड निघाले. तो माणसांना स्टुडिओत उभं करून फोटो घ्यायचा आणि मग ते कापून देवळाच्या, बाजाराच्या, समुद्रकाठाच्या वेगळ्याच चित्रावर चिकटवायचा. भाटिया, पारशी, प्रभू, कोळी: प्रत्येक जण आपल्या रोजच्या कपड्यांत, पण पाठीमागचं जग खोटं. १८७२ मध्ये भायखळ्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम उघडलं, तेच आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. तिथल्या काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या मूर्ती आहेत: मुंबईतले वेगवेगळे समाज, त्यांचे धंदे, पगड्या, पागोटी, नेसण्याच्या तऱ्हा. मुलं तिथे फार वेळ रेंगाळतात, मोठेही रेंगाळतात. मला त्या मूर्ती आवडतात आणि त्यांच्यापुढे थोडं अवघडायलाही होतं. ज्यांच्या त्या मूर्ती आहेत त्यांना आपण ‘वेष’ केला आहे असं कधी वाटलं नसणार. सकाळी उठून त्यांनी कपडे घातले होते, इतकंच.

तिसरी जागा प्रत्यक्ष विद्यापीठाची. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने. २८० फूट उंच. घड्याळ सगळे बघतात, पण वरच्या भागात कोनाड्यांत उभे असलेले पुतळे खालून नीट दिसत नाहीत. पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे, प्रत्येकाच्या खास पेहरावासह, २४ पुतळे आहेत. घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. बांधणाऱ्यांच्या मनात कदाचित ‘हे विद्यापीठ या सगळ्यांचं’ असं असेल. पण वरचे पुतळे आपापल्या पोशाखात गोठलेले, आणि खाली पदवीदान सभागृहात पदवी घ्यायची ती डोक्यावरच्या पगडीशी मुळीच न जुळणाऱ्या विलायती गाऊनमध्ये. नवा विद्यार्थी या दोन वेषांच्या मधल्या अंगणात उभा असायचा.

या सगळ्या वंशावळीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती फिलाडेल्फियातली एक संध्याकाळ. १० ऑक्टोबर १८८५. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या डीन रेचल बॉडली यांनी सत्राच्या सुरुवातीचा स्वागतसमारंभ ठेवला होता. त्या दिवशी काढलेला तीन विद्यार्थिनींचा फोटो आज जगभर ओळखीचा आहे: आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लामबुली. आनंदीबाई साडीत, दागिने घालून, ओकामी किमोनोत, इस्लामबुली आपल्याकडच्या पेहरावात. आनंदीबाई तेव्हा शेवटच्या वर्षाला होत्या, मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. ओकामींना १८८९ मध्ये, इस्लामबुलींना १८९० मध्ये. म्हणजे एक सीनियर आणि दोन नव्या, असा तो फोटो.

आनंदीबाईंच्या बाजूने ही साडी साधी नव्हती. अमेरिकेला निघण्यापूर्वी १८८३ मध्ये श्रीरामपूरला, कलकत्त्याजवळ, त्यांनी भाषण केलं, त्यात आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, रीतभात आणि पोशाख बदलणार नाही, असं जाहीर सांगितलं होतं. विरोध इतका होता की हे सांगावंच लागलं. मग पेनसिल्व्हेनियाची थंडी आली. नऊवारीत पोटऱ्या आणि कंबर उघडी राहते. शब्द न मोडता जगायचं कसं? त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, त्यात अंग अधिक झाकलं जातं. नियम लावणारे हजारो मैल दूर होते, पण नजर त्यांच्याबरोबर आलेली होती. आणि समोर नवी नजर होती ती अमेरिकन पाहुण्यांची, जिला हीच साडी पौर्वात्य पोशाख म्हणून अपूर्वाईची. दोन्हीकडून बघितलं जाणाऱ्या त्या वीस वर्षांच्या मुलीने कॅमेऱ्यासमोर जे घातलं ते तिच्या रोजच्या वापरातलं होतं, सणाचं होतं की समारंभासाठी आग्रह झाला म्हणून होतं? फोटोकडे पाहिलं की मला दिसतं ते तिघींचं सरळ बघणं. कोणी लाजलेलं नाही आणि कोणी हसलेलंही नाही. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. तो फोटो अजून फिलाडेल्फियात, त्या कॉलेजचा वारसा सांभाळणाऱ्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत, वेष आणि संग्रहालय या तिन्ही गोष्टी एका मराठी वैद्यकीय विद्यार्थिनीपाशी अशा एकत्र आल्या.

तिथून ट्रॅडिशनल डेपर्यंतचा रस्ता आपल्याला माहीत आहे, म्हणून भराभर चालतो. कॉलेजांत गॅदरिंग आलं, गॅदरिंगमध्ये विविध गुणदर्शन आणि शेलापागोटे आले. साड्यांचा दिवस, टायचा दिवस हे नंतरचे. शाळांच्या फॅन्सी ड्रेसमुळे भाड्याच्या पोशाखांची दुकानं गल्लोगल्ली झाली. त्याआधी असे पोशाख नाटक आणि सिनेमावाल्यांसाठीच असत. डोंबिवलीत १९९९ च्या गुढीपाडव्याला स्वागतयात्रा निघाली आणि नऊवारी-फेट्यातल्या तरुणाईचे फोटो वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर यायला लागले; रॅगिंगबंदीचा कायदाही त्याच वर्षीचा. आता शिवलेली नऊवारी मिळते, पायजम्यासारखी पायात चढवायची. फेटा बांधणारा माणूस माणशी दर ठरवून कॉलेजच्या दारात बसतो.

या दुकानांत एक पोशाख हमखास असतो: ‘कोळी ड्रेस’. हिरवं-लाल लुगडं, चकाकणारे दागिने, बरोबर प्लास्टिकची टोपली, आणि त्यात प्लास्टिकचेच मासे. पनवेल-उरणच्या बाजूला ही गंमत जरा वेगळी पडते. कळंबोली हे मुळात आगरी-कोळ्यांच्या वस्तीतलं गाव. १९७० मध्ये सिडको आली, जमिनी गेल्या, मुंबईतला लोखंडाचा बाजार इथे आला, त्याच्या मागे ट्रेलर, माथाडी, हमाल, ऑफिसं आणि साऱ्या महाराष्ट्रातून आलेले भाडेकरू आले. त्यामुळे इथल्या वर्गात ‘कोळी ड्रेस’ भाड्याने आणून नाचणारी मुलगी सांगलीची किंवा लातूरची असते, आणि तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलीची आजी घरी अजून तसंच लुगडं नेसत असते, टोपली अर्थातच खरी. त्या शेजारणीने त्या दिवशी काय घालावं? मला विचाराल तर बहुतेकदा ती वेस्टर्न घालून येते, आणि ते मला पटतं. आजीच्या रोजच्या लुगड्याला बक्षीस मिळताना टाळ्या वाजवणं सोपं नसतं. भायखळ्याच्या कपाटातली मातीची कोळीण आणि हा भाड्याचा ड्रेस यांच्यात दीडशे वर्षं गेली आहेत, अंतर मात्र फार पडलेलं नाही.

वैद्यकीय महाविद्यालयांत या वेषाच्या गोष्टीला आणखी एक पदर आहे. तिथे आता पार्टीच्या आधी ‘व्हाइट कोट सेरेमनी’ होते. हीही आयात: १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. आर्नोल्ड गोल्ड यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. मंचावर बोलावून, पालकांसमोर, शिक्षकांच्या हातून नव्याच्या अंगावर पांढरा कोट चढवायचा. अथेन्सच्या झग्याचाच हा वंशज, मधली मिरवणूक आणि धडका गाळून. माझ्या लेखी फ्रेशर्सच्या रात्रीपेक्षा हा विधी अधिक सभ्य आहे, कारण तिथे नवा मुलगा स्पर्धेत नसतो. त्याला कोणी गुण देत नाही.

आणि वैद्यकीय विद्यार्थ्याच्या तोंडी ‘म्युझियम’ हा शब्द येतो तेव्हा त्याला भायखळ्याचं संग्रहालय अभिप्रेत नसतं. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राचं म्युझियम, पुढे विकृतिशास्त्राचं, न्यायवैद्यकाचं. प्रत्येक महाविद्यालयात ती असावीच लागतात. बरण्या, फॉर्मॅलिन, लेबलं, कपाटांच्या काचा. मार्क देणाऱ्या नजरांपुढून चालून आलेला पोरगा तिथे पहिल्यांदा स्वतः बघणारा होतो. समोर जे आहे त्याला वेष नाही, जात नाही, गाव नाही. तोंडी परीक्षेच्या आधी तो तासन्‌तास तिथे उभा राहून बरण्या पाठ करतो, आणि एक-दीड वर्षात, नव्या बॅचची यादी लागली की, थीम ठरवणाऱ्या गटातही तोच असतो.